आठवणीचा विमा

क्रोनवाल्डे नावाच्या आटोपशीर गावातल्या आटोपशीर न्यायालयाकडून आलेल्या पत्रात श्रीमती होल्त्सकाम्प यांचे म्हणणे एकाच वाक्यात दिले होते: सदर प्रसंग मला स्मरत नाही. धम्मदीपाने ते वाक्य वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. जुन्या हस्तलिखितांतली संदिग्ध वाक्ये सोडवण्यात तिची उमेदीची वर्षे गेली होती. हे वाक्य संदिग्ध नव्हते. ते खोटे होते, आणि खोटे असूनही इतके नीटनेटके होते की त्याच्या खालचा शिक्कासुद्धा अगदी सरळ उमटला होता.

धम्मदीपा वासनिक मूळची नागपूरची. प्राचीन भिक्षुसंघाच्या आचारनियमांवर तिचे काम होते आणि त्यासाठीच एका संस्थेच्या कराराने ती जर्मनीत आली होती. हॅनोव्हरमध्ये भाडी परवडेनात म्हणून तिने आगगाडीने अर्ध्या तासावरच्या क्रोनवाल्डेत दोन खोल्यांची जागा घेतली. दोन खोल्या एकटीसाठी नव्हत्या. नवरा यशपाल आणि सहा वर्षांची मुलगी उर्जा नागपुरात व्हिसाची वाट पाहत होती, आणि कुटुंबाला बोलवायचे तर पुरेशी जागा असल्याचा भाडेकरार दाखवावा लागतो. तो दाखवून झाला होता. मुंबईच्या वकिलातीत फाइल पुढे सरकली होती. उर्जाने आपल्या बाहुलीला जर्मन नावसुद्धा ठेवले होते.

अशात घरमालकाला साक्षात्कार झाला की ही जागा त्याच्या पुतण्याला हवी आहे. त्याने घर रिकामे करून मागण्याचा दावा लावला. न्यायालयाचे कागद धम्मदीपाच्या पत्रपेटीत पडले तेव्हा ती उर्जाच्या तापामुळे नागपूरला गेली होती. उत्तर गेले नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागला. इथवर कोणाचाच दोष नव्हता. अशा निकालावर ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते. त्यासाठी वकीलही लागत नाही. न्यायालयात जायचे, तोंडी अर्ज लिहून घेणाऱ्या कारकुनाच्या खोलीत आपले म्हणणे सांगायचे, तो ते टंकतो, आपण सही करायची. ती परतली, दुसऱ्याच दिवशी त्या खोलीत गेली, मुदतीच्या आत. टेबलामागे श्रीमती होल्त्सकाम्प होत्या: लोकरीचे राखाडी जाकीट, खिडकीत एक निवडुंग, चेहऱ्यावर कामात असलेल्या माणसाची किंचित दुखावलेली शिस्त. त्यांनी सगळे टंकून घेतले, सही घेतली आणि म्हणाल्या, "आल्झो, झालं. हे मी पुढे पाठवते. तुम्ही निश्चिंत घरी जा."

धम्मदीपा निश्चिंत घरी गेली. तो कागद मात्र कुठेच गेला नाही. मुदत संपली, निकाल कायम झाला, आणि घर सोडण्याची तारीख टपालाने आली.

चूक धम्मदीपाचीही होती, आणि ती तिला स्वतःला सर्वांत आधी कळली. तिने पोच घेतली नव्हती. नागपुरात तहसील कचेरी असो, विद्यापीठ असो की वीज मंडळ, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडल्याखेरीज पायरी उतरायची नाही, हे तिच्या हाडीमांसी भिनलेले होते. ज्यांच्या अर्जांना हरवण्याची खोड असते त्या लोकांत ती वाढली होती. क्रोनवाल्डेत मात्र शब्द ओठांवर आला आणि तिने तो गिळला. रेल्वेला दोन मिनिटे उशीर झाला तर फलाटावर क्षमा मागणाऱ्या या देशात, एका सरकारी बाईचा शब्द ऐकूनही तिच्याकडे पोच मागायची? आपल्याकडचा संशय सामानात बांधून इथवर आणायचा? तिला तो अडाणीपणा वाटला. न मागण्याला तिने सभ्यता मानले, आणि त्या सभ्यतेचा आता निकाल लागला होता.

तिने घडलेले न्यायालयाला लिहून कळवल्यावर न्यायाधीशबाईंनी एवढीच फट ठेवली होती: मुदतीत हरकत नोंदवली होती असे दाखवता आले तर निकाल पुन्हा उघडता येईल. घरमालकाच्या वकिलाने ही सगळी बनवाबनवी असल्याचे लिहिले होते. साक्षीला एकच बाई होती, आणि त्या बाईला स्मरत नव्हते. अजून काही सांगायचे असेल तर आठवडाभरात सांगा, असे पत्राच्या शेवटी होते.

संध्याकाळी यशपालचा फोन आला.

"पोच घेतली का नाही तू?"

"नाही घेतली."

"काय करून राहिली बापा तू! इथं मी रॉकेलच्या अर्जाची पोच घेतो, अन् तू घराच्या कागदाची नाही घेतली? जर्मनीत गेली अन् माणसांवर विश्वास ठेवायला लागली?"

"टोमणे नंतर मार. फाइलचं काय?"

"वकिलातीत विचारलं मी. जागा गेली तर अर्ज परत. नवी जागा, नवा करार, नवी रांग. तुझा करारच तवापर्यंत टिकते का, ते त्यांनी नाही विचारलं, मी विचारून राहिलो." मागून उर्जाचा आवाज आला, बाहुलीला थंडी वाजेल का म्हणून. यशपाल तिला म्हणाला, "आईला विचारू उद्या," आणि फोन ठेवला.

हॅनोव्हरच्या मराठी मंडळींत अशा अडचणीला एकच नाव सुचवले जाई: जयंत पेंडसे. तीस वर्षांपूर्वी आलेले, आधी अभियंते, मग विमा विकणारे. न्यायालये, नगरपालिका, शाळा, सगळीकडे त्यांच्या ओळखी. संस्थेतल्या मीनलने नंबर दिला आणि वर म्हणाली, "काका बोलतात फार, पण काम करतात." धम्मदीपा दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातल्या कचेरीत गेली.

"या, या. बूट तिथेच काढा. देश जर्मन असला तरी गालिचा माझा आहे," पेंडसे म्हणाले. गुलाबी, गुळगुळीत गृहस्थ, सत्तरीकडे झुकलेले. "आडनाव काय म्हणालात?"

"वासनिक."

"वासनिक. नागपूर. अच्छा, अच्छा." त्या दुसऱ्या 'अच्छा'मध्ये एका शोधाची समाप्ती होती. सात समुद्र ओलांडूनही मराठी माणूस हा शोध थांबवत नाही. आगगाडीचे तिकीट विसरेल, हे विसरत नाही. "आणि संशोधन कशावर?"

"भिक्षुसंघाच्या नियमांवर."

"म्हणजे तुमचंच."

"आमचंच म्हणजे?"

"अहो, म्हणजे आपलं… बौद्धांचं."

"तुमचा धंदा विम्याचा. विमा तुमचाच का?"

पेंडसे मोठ्याने हसले. "वा, वा! तिखट आहात. बसा. काय अडचण आहे?"

तिने सांगायला सुरुवात केली. एकतर्फी निकाल, मुदत, तोंडी हरकत. ती श्रीमती होल्त्सकाम्प यांच्या नावापर्यंत आली आणि पेंडशांनी टेबलावर थाप मारली.

"थांबा थांबा! म्हणजे शेवटपर्यंत उभी राहणारी बाई ती तुम्हीच?"

थाप मारलेला हात पेंडशांनी हळूच टेबलावरून काढून मांडीवर ठेवला.

"कोण उभी राहणारी बाई?" धम्मदीपाने शांतपणे विचारले.

"नाही, म्हणजे… असंच कोणीतरी…"

"बसा बसा म्हटलं तरी बसेना, असं म्हणाल्या का त्या?"

ती उभी राहिली होती, हे खरे. साहेबाने खुर्चीकडे हात केल्याशिवाय बसायचे नाही, आणि हात केला तरी लगेच बसायचे नाही, हा तिच्या आजोबांपासूनचा धडा होता. तिच्या पदव्यांनाही तो पुसता आला नव्हता. श्रीमती होल्त्सकाम्प यांना त्याचे नवल वाटले होते. इतके नवल, की त्यांनी ते आपल्या विमा एजंटाला सांगितले होते. ज्यांना प्रसंगच स्मरत नव्हता त्यांना प्रसंगातली खुर्ची स्मरत होती.

पेंडसे सावरले. धंद्यात मुरलेली माणसे लवकर सावरतात; लाज ही त्यांना सर्दीसारखी होते आणि तशीच जाते.

"आता कळलंच आहे तर ऐका. ती माझी ग्राहक आहे. त्या कोर्टातली निम्मी माणसं माझी ग्राहक आहेत. तुम्ही कारकुनावर दावा लावू शकत नाही, सरकारवर लावता. सरकार भरपाई देतं, आणि कारकुनाचा निष्काळजीपणा घोर असेल तर ती त्याच्याकडून वसूल करतं. ते पैसे परत द्यायला विमा. सक्ती नाही, पण विमा नसलेला माणूस त्या टेबलावर बसून शांत झोपू शकत नाही. आणि विम्याचा पहिला नियम काय? कबूल करायचं नाही! अट आहे तशी. कंपनीला न विचारता दोष मान्य केला की संरक्षण गेलं. तिने घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, फ्राऊ होल्त्सकाम्प, तुम्हाला काहीही आठवत नाही. गेनाऊ, अगदी बरोबर! मामला खलास."

"हे तुम्ही त्यांना शिकवलंत."

"सल्ला दिला. तोच माझा व्यवसाय."

"मला भरपाई नको आहे. त्यांच्यावर दावाही नको. मी आले होते, एवढंच त्यांनी सांगायचं आहे. ते सांगितलं तर नुकसानच होणार नाही. कुणाला काही भरावं लागणार नाही."

"सगळे आधी असंच म्हणतात."

"माझी मुलगी तिकडे आहे."

"अगं, मला कळत नाही का? मलाही मुली आहेत. पण तू…"

"अगं नाही," धम्मदीपा म्हणाली. "अहो."

पेंडशांचा चेहरा जरा ताठ झाला. "बरं. अहो. तुम्ही शिकलेल्या आहात, पण ही तुमची चूक आहे. पोच का नाही घेतलीत? भारतीय माणूस आणि पोच नाही? हे म्हणजे फारच झालं." मग, जणू दोघांत काहीच घडले नसावे अशा सहजतेने, त्यांनी खणातून एक पुस्तिका काढली. "तुमची स्वतःची हाफ्टफ्लिष्ट पॉलिसी आहे का? दुसऱ्याचं नुकसान झालं तर? नाही? अरेरे. विम्याशिवाय जर्मनीत राहणं म्हणजे पावसात उघड्यावर गहू वाळवणं. या अटी घरी नेऊन वाचा. कोणी वाचत नाही, पण तुम्ही वाचाल."

"श्रीमती होल्त्सकाम्प यांच्या अटीही ह्याच?"

"मूळ अटी सगळ्यांना त्याच. सरकारी नोकरांची पानं मागे जोडलेली आहेत."

धम्मदीपाने पुस्तिका घेतली, बूट घातले आणि आभार न मानता निघाली. आभार न मानण्याची तिला सवय नव्हती. जिन्यात तिला तो प्रयत्न जाणवला.

परतीच्या गाडीत तिने पुस्तिका वाचली. लोक जसे विम्याच्या अटी वाचत नाहीत तशी नव्हे. शब्द कशाला बांधला आहे आणि कशाला बांधलेला नाही हे पाहत, ज्या रीतीने ती ताडपत्रावरची ओळ वाचत असे तशी. पेंडसे विकत होते ती अट तिथे होती. विमेदाराने कंपनीच्या संमतीवाचून भरपाईची मागणी मान्य करू नये. मागणी. घडलेली गोष्ट सांगू नये, असे कुठेही नव्हते. उलट दोन पानांपुढे, घडलेले सर्व खरे आणि पूर्ण सांगण्याचे बंधन होते. आणि मागे जोडलेल्या, सरकारी नोकरांच्या पानांत एक छोटे कलम होते: जाणूनबुजून कर्तव्य मोडल्याने झालेल्या नुकसानीला संरक्षण नाही.

गाडी शेतांमधून जात होती. ती ते कलम पुन्हा पुन्हा वाचत राहिली, आणि तिला एक थंड, स्वच्छ आनंद झाला, ज्याची तिला नंतर थोडी लाज वाटली. कागद गहाळ करणे विम्यात बसत होते. न आठवण्याचे सोंग बसत नव्हते. श्रीमती होल्त्सकाम्प यांनी आपली चूक वाचवण्यासाठी जी ओळ लिहिली होती, तिच्यामुळेच त्या उघड्यावर आल्या होत्या; आणि त्यांना तिथे नेऊन सोडणारा माणूस पावसाच्या गोष्टी सांगत होता.

तिच्या अभ्यासातले भिक्षू पंधरवड्याला एकमेकांसमोर बसून आपली चूक आपणहून सांगत. ऐकणारा एवढेच विचारी की चूक दिसते ना. दिसते म्हटले की विषय संपला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांचा कुणी विमा उतरवला नव्हता, हे त्यांचे केवढे भाग्य, असे तिच्या मनात आले.

सकाळी ती न्यायालयात गेली. दार वाजवले, आत शिरली, आणि कोणी काही म्हणण्याआधी टेबलासमोरच्या खुर्चीत बसली.

श्रीमती होल्त्सकाम्प यांची नजर खुर्चीकडे गेली, मग वर आली. "फ्राऊ वासनिक. तुमच्या प्रकरणावर मी बोलू शकत नाही."

"माझं नाव आठवतं तुम्हाला."

"फाइलवर आहे."

"मी उभी राहिले होते, हे फाइलवर नाही. ते तुम्ही हेर पेंडसे यांना सांगितलंत. त्यांनी मला सांगितलं."

श्रीमती होल्त्सकाम्प यांनी निवडुंगाची कुंडी थोडी सरकवली. ती जिथे होती तिथेच बरी होती. "हेर पेंडसे असं करणार नाहीत."

"केलं. त्यांना बोलायला आवडतं. तुम्ही बोलू नका, ऐका." तिने पुस्तिका उघडून टेबलावर ठेवली आणि बोट लावले. "हे तुम्हाला सांगितलं गेलं. मागणी मान्य करू नका. मी मागणी केलेलीच नाही. आता हे पान बघा. हे तुम्हाला सांगितलं गेलं नाही. कागद गहाळ झाला तर विमा आहे. न्यायाधीशांना माहीत असलेलं माहीत नाही म्हणून लिहिलं, तर नाही. माझं घर गेलं, मुलीचा व्हिसा गेला, आणि मी त्यानंतर सरकारवर दावा लावला, तर ते नुकसान तुमच्या विसरण्यामुळे झालेलं नसेल. ते ह्या ओळीमुळे झालेलं असेल. आणि ह्या ओळीला कंपनी एक पैसा देणार नाही."

"तुम्ही मला धमकी देताय."

"मी तुम्हाला तुमच्याच अटी वाचून दाखवतेय. तुमच्या वतीने कुणीतरी वाचायला हव्या होत्या."

श्रीमती होल्त्सकाम्प यांनी पान जवळ ओढले. त्या ओठ हलवत वाचत होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या. आणि क्षणभर धम्मदीपाला त्यांची दया आली. ती तिने परत पाठवली. मग त्यांनी फोन उचलला.

"हेर पेंडसे? फ्राऊ वासनिक इथे बसल्या आहेत… हो, *बसल्या* आहेत… मागची पानं, जाणूनबुजूनचं कलम. हे तुम्हाला माहीत होतं?… मी विचारलं, माहीत होतं का?" पलीकडून एकच वाक्य आले. एरवी सदैव वाहणारी ती वाणी तेवढ्यावरच आटोपली होती. श्रीमती होल्त्सकाम्प यांनी फोन हाताने झाकला. "ते म्हणतात, कंपनीला विचारावं लागेल."

"जरूर विचारा. मी दुपारी न्यायाधीशांना पत्र देणार आहे. त्यांनी हेर पेंडसे यांना साक्षीला बोलवावं, अशी विनंती आहे त्यात. त्यांची स्मरणशक्ती फार चांगली आहे."

हे श्रीमती होल्त्सकाम्प यांनी फोनमध्ये शब्दशः सांगितले. आता पलीकडून बरेच काही आले, आणि एकदम आले.

पेंडशांचा फोन तिला संध्याकाळी आला. "अहो धम्मदीपाताई! गैरसमज झाला हो सगळा. मी कंपनीत बोललो. घडलेलं सांगायला काहीच हरकत नाही, फक्त दोष मान्य नाही असं खाली लिहायचं. उद्या होल्त्सकाम्पबाई नवं निवेदन देतायत. तुमचं ते पत्र… ते दिलंत का?"

"लिहून ठेवलंय."

"मग राहू द्या ना. कशाला? परक्या देशात आपण मराठी माणसांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं."

"आपण? काल तर ते 'तुमचंच' होतं."

"तुम्ही फार शब्दात पकडता बुवा."

"तोच माझा व्यवसाय," धम्मदीपा म्हणाली. "निवेदन न्यायाधीशांकडे पोचेपर्यंत पत्र माझ्या पिशवीत राहील. पुढचं तुमच्या ग्राहकावर."

निवेदन दुसऱ्या दिवशी पोचले. त्यात लिहिले होते की अर्जदार मुदतीच्या आत आल्या होत्या, त्यांची हरकत टंकून घेण्यात आली होती, आणि अर्जदार संपूर्ण वेळ उभ्या होत्या. शेवटी होते: या निवेदनाने कोणतेही उत्तरदायित्व मान्य केले जात नाही. न्यायाधीशबाईंनी निकाल पुन्हा उघडला, घर रिकामे करण्याचा हुकूम थांबवला आणि घरमालकाला विचारले की ह्या पुतण्याचे नाव काय. वकिलाने नाव कळवायला मुदत मागितली. मुंबईच्या वकिलातीत फाइल होती तिथेच राहिली. तिथे एवढेच पुष्कळ होते.

महिनाभराने धम्मदीपाला तिच्या बाजूचे पुढचे म्हणणे दाखल करायचे होते. तेच दार, तीच खोली. ती बसली. श्रीमती होल्त्सकाम्प यांनी कागद घेतले, पाने उलटली, कडा ठोकून सारख्या केल्या. त्या काही म्हणतील असे धम्मदीपाला एकदा वाटले. एखादा साधा शब्द, ज्याला कंपनीची संमती लागत नाही. त्यांनी तोंड उघडलेही.

"आल्झो, झालं. हे मी पुढे पाठवते. तुम्ही निश्चिंत घरी जा."

धम्मदीपाने पिशवीतून दुसरी प्रत काढून टेबलावर ठेवली. "पोच."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

शिक्का पडला. या वेळी तो जरा तिरका पडला. श्रीमती होल्त्सकाम्प यांनी तारीख घातली, सही केली, आणि प्रत पुढे सरकवताना, बहुधा काहीतरी मिटवून टाकावे म्हणून, विचारले, "तुमची मुलगी कधी येणार?"

तारीख धम्मदीपाला पाठ होती. उर्जाने ती फोनवर गाण्यासारखी म्हणून दाखवली होती.

"ते मला स्मरत नाही," ती म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत खुर्चीतून उठली नाही.